छोटे, कासवाला चिखलदऱ्याला नेऊ नकोस

छोटे, बदलीची ऑर्डर हाती पडली, क्वार्टर मिळालं, क्वार्टरच्या मागे अंगणही आहे, हे सगळं ऐकून मला खरंच बरं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस ना, "ताई, आता आमच्या कासवालाही मोकळं अंगण मिळेल, टबातून सुटका होईल बिचाऱ्याची," ते काही माझ्या मनातून जाईना. फोनवर सगळं बोलता येत नाही, शेजारी सासूबाई, पोट्टे कान देऊन असतात. म्हणून निवांत लिहिते आहे. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडलीस तरी चालेल.

आधी चिखलदऱ्याचं सांगते. तू तो उन्हाळ्यात पाहिलास. अमरावती पंचेचाळीस अंशांवर भाजत असताना परतवाड्याचा घाट चढलं की वारा बदलतो, आणि माणूस म्हणतो, इथेच राहावं. मी तिथे नोकरी केली आहे, मला त्याचा जुलै-ऑगस्ट माहीत आहे. समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरवरचं ते पठार. आपल्या अमरावतीच्या जवळजवळ दुप्पट पाऊस तिथे पडतो, आणि पडतो म्हणजे येऊन जात नाही, मुक्कामच करतो. देवी पॉइंटवर उभं राहिलं तर समोरची दरी दिसत नाही. धुकं घरात शिरतं. दोरीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी पेटत नाही, अंगणाच्या फरशीवर हिरवं शेवाळ चढतं. सूर्य आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही. पुढे डिसेंबर-जानेवारीत रात्री इतक्या गार होतात की दोन गोधड्या कमी पडतात. तुला हे सगळं आवडेल, स्वेटर घालून भजी खाशील. तुझ्या कासवाला मात्र स्वेटर नाही.

तुझं कासव कोणतं, ते तू पाठवलेल्या फोटोवरून लगेच कळलं. काळी घुमटासारखी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, पाय बोथट आणि खवल्यांचे, बोटांमध्ये पडदा नाही. हे तारा कासव, लोक स्टार कासव म्हणतात ते. हे जमिनीवरचं कासव आहे, बाई. याला पोहता येत नाही. म्हणजे आधी एक काम कर, तो पाण्याचा टब आजच रिकामा कर. ॲक्वेरियमच्या दुकानात कासव म्हटलं की पाणी, एवढंच लोकांना माहीत असतं, आणि अशी कितीतरी कासवं टबात दमून बुडून मरतात.

तारा कासवाचा मुलूख कोणता? गुजरात-राजस्थानकडचा कोरडा पट्टा, पलीकडे सिंध, खाली आंध्र-कर्नाटक-तामिळनाडूतली काटेरी झुडपांची माळरानं, आणि श्रीलंका. गवत, बाभूळ, बोर, निवडुंग, तापलेली माती. आता तू म्हणशील, "ताई, तिथेही पाऊस पडतोच की!" पडतो, आणि तारा कासवाला तो आवडतोही. पावसाळा हाच त्याचा खरा हंगाम. उन्हाळ्यात झुडपाखाली दडून बसलेली कासवं पहिल्या सरीनंतर बाहेर पडतात, कोवळं गवत खातात, नर माद्यांच्या मागे लागतात, माद्या अंडी घालतात. म्हणून "कासवाला पाऊस सोसत नाही" असं मी म्हणणारच नाही. पण माळरानावरचा तो पाऊस उबदार असतो. सर येते, जाते, तासाभरात ऊन पडतं, माती निथळते. ओल आणि थंडी एकाच वेळी, तेही दिवसचे दिवस, हे त्याच्या शरीराला माहीतच नाही. नुसती ओल चालते, कोरडी थंडी थोडी फार चालते. दोन्ही एकत्र आल्या की जनावर हातचं जातं. आणि चिखलदऱ्याचा पावसाळा म्हणजे नेमकं हेच, ओल आणि थंडी एकत्र.

असं का, तेही समजून घे. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच आत. त्याचं पोट सौरचुलीसारखं आहे, ऊन असेल तर आतलं शिजेल, नाही तर सकाळचं अन्न संध्याकाळीही कच्चंच. अंग साधारण तीस अंशांच्या आसपास तापलं की तारा कासवाचं पचन नीट चालतं. वीस-बावीस अंशांच्या धुक्यात ते पाला खाईल, पण तो पोटात पडून राहील, आंबेल, गॅस धरेल. मग ते खाणं सोडतं. तुला वाटेल, नवीन जागा आहे, रुळेल. ते रुळत नसतं, ते बंद पडत असतं.

"मग थंडीत झोपून जाईल ना, कासवं झोपतात असं ऐकलंय," हेही तू म्हणणार, मला माहीत आहे. थंडीभर झोपतात ती युरोपातली, भूमध्य समुद्राच्या काठची अशी काही कासवं. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ती सवय आहे. तारा कासव तसं झोपत नाही. थंडीत ते निपचित पडलं तर ती झोप नव्हे, गारठणं.

दुसरी गोष्ट फुप्फुसांची. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. एकदा छाती भरली की आतला कफ आतच राहतो. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर असं कासव आलं की मी आधी नाकपुड्या बघते. तिथे बारीकसा फुगा येतो, फुटतो, पुन्हा येतो. मग मान लांब ताणून तोंड उघडतं, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. डोळे चिकटलेले, पापणी सुजलेली. निरोगी कासवाचा मागचा पाय हलकेच ओढला तर ते झटकन आत घेतं, आजारी कासवाचा पाय हातातच लोंबत राहतो. यातलं काहीही दिसलं तर तडक डॉक्टर गाठायचा, घरगुती उपाय नाही. आणि एक गोष्ट लिहून ठेव. गावात शेळ्या-गुरांना जंतावर, गोचिडांवर आयव्हरमेक्टिन टोचतात. ते कासवाला विष आहे. कोणी कितीही अनुभवी माणूस "थोडंसं देऊन बघू" म्हणाला तरी नाही म्हणजे नाही.

सतत ओल्या जमिनीवर बसून पोटाखालची ढालही सडते. आधी पांढुरके डाग, मग खपली, मग वास. पाठ म्हणजे नुसतं टरफल नसतं, छोटे. खाली हाड आहे, नसा आहेत, त्याला स्पर्श कळतो. म्हणून पाठीला तेल चोळणं, हळदीकुंकू थापणं, पोरांनी ऑइलपेंटने नाव लिहिणं, हे सगळं बंद.

आता जावईबापूंचं म्हणणं. "इंग्लंडमध्ये तर बर्फ पडतो, तिथले लोक कसे पाळतात?" त्यांनी व्हिडिओ बघितले असतील, आणि ते खोटे नाहीत. थंड पावसाळी देशांत लोक आफ्रिकेतली मोठी कासवं पाळतात, पण कशी, ते नीट बघा म्हणावं. बागेत लाकडी खोली बांधतात, भिंतींत थंडी अडवणारे जाड थर घालतात. आत हीटर, हीटरला थर्मोस्टॅट, शिवाय अतिनील किरणांचा खास दिवा. कारण हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कासवाच्या अंगात उन्हातल्या त्या किरणांनीच तयार होतं आणि खिडकीची काच ती किरणं अडवते. दाराला जाड पट्ट्यांचा पडदा, शेजारी काचघर. बाहेर सोडतात ते फक्त उबदार, कोरड्या दिवशी, संध्याकाळच्या आत पुन्हा आत. म्हणजे "बाहेर पाळणं" हे नावालाच, वर्षातला बराच काळ ते कासव गरम खोलीतच असतं. आणि विजेचं बिल डोळे पांढरे करतं ते वेगळंच.

ते सगळं चिखलदऱ्याच्या क्वार्टरमध्ये करशील? समज केलंसही. पहिल्या वादळात झाड पडलं, लाइन गेली, की हीटर बंद, दिवा बंद. घाटातली लाइन दुरुस्त व्हायला दिवस लागतो, कधी दोन. माणूस मेणबत्ती लावून, ब्लँकेट घेऊन बसेल. कासवाने काय करायचं?

केरळचं एक उदाहरण देते, म्हणजे हे फक्त तुझ्या ताईचं मत वाटायला नको. तस्करांकडून, विमानतळांवर पकडलेली तारा कासवं तिथल्या वनखात्याने पुन्हा रानात सोडली. जागा कोणती निवडली? चिन्नार अभयारण्य. त्याच इडुक्की जिल्ह्यात मुन्नार आहे, हिरवंगार, थंड, चहाच्या मळ्यांचं. चिन्नार तिथून काही तासांवर, पण डोंगराच्या पावसाआडच्या बाजूला, कोरडं आणि काटेरी. जाणकारांनी मुन्नार सोडून चिन्नार घेतलं. आपल्याकडे चिखलदरा म्हणजे मुन्नारची बाजू. दिसायला सुंदर, पण तारा कासवासाठी चुकीची.

एवढं हवामानाचं झालं. आता जे बोलायला मला जड जातंय ते. हवामान चांगलं असतं, तू अमरावतीतच राहणार असतीस, तरी मी हेच म्हणाले असते. हे कासव घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तारा कासव संरक्षित आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत बसलं आहे. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजारांचा दंड आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ मध्ये साइट्स करारात सगळ्यात कडक बंदी आली. तू सरकारी शाळेत शिक्षिका आहेस. पुस्तकातला वन्यजीवांचा धडा शिकवणार आणि अंगणात तारा कासव, हे बरं दिसेल का?

जावईबापूंनी हे कासव कोणी "वास्तूला चांगलं असतं" म्हणालं म्हणून आणलं, हे मला ठाऊक आहे. हेतू वाईट नव्हता. पण दुकानदाराने ते कुठून आणलं असेल? आंध्रातल्या एका ठिकाणाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान ५५ हजार तारा कासवं रानातून उचलली जात होती. पोत्यात भरून, सामानाच्या बॅगेत कोंबून, पाय टेपने बांधून ती जातात. किती वाटेत मरतात, विचारू नकोस. तुझ्या घरातलं कासव त्यातून जगलेलं आहे. म्हणूनच त्याचं पुढचं नीट व्हायला हवं.

आता लगेच तुझ्या मनात येईल, "मग मेळघाटातच सोडून देते, जंगल आहे, पुण्यही लागेल." थांब गं. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे आपण काही नेऊन सोडायचं नसतं. शिवाय माणसांत राहिलेल्या कासवाच्या अंगात असे रोग असू शकतात की ते स्वतः धडधाकट दिसेल, आणि सिपना-खापराच्या काठची इथली कासवं त्यापायी मरतील. ते स्वतःही त्या सागवानी ओल्या उतारावर किती दिवस काढेल? आणि वडाळीच्या नाहीतर छत्री तलावात सोडणं म्हणजे तर सरळ बुडवणं. दरवर्षी कोणीतरी भक्तिभावाने जमिनीवरचं कासव तलावात सोडतं आणि हात जोडून घरी जातं. मला तो नमस्कार बघवत नाही.

मग करायचं काय? वनविभागाकडे द्यायचं. हेल्पलाइन १९२६, राज्यात कुठूनही लागते. नाहीतर अमरावतीतल्या वनविभागाच्या कार्यालयात, वडाळीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. जावईबापूंना बरोबर ने, कासव लपवूनछपवून नेऊ नका. कोणाकडून, कधी आणलं ते खरं सांगा, दिल्याची पोच मागून घ्या. मनात भीती असेल तर आधी ओळखीच्या वकिलाशी बोला, पण त्यात महिने घालवू नका. आपणहून नेऊन देणाऱ्याची आणि धाडीत सापडणाऱ्याची बाजू कधीच सारखी नसते. पुढे त्याची तपासणी होईल, कुठे ठेवायचं, रानात परत जाऊ शकतं का, हे त्यातले लोक ठरवतील. तो निर्णय आपला नाही.

तोवरचे चार दिवस असे काढ. सध्या अमरावतीत उकाडाच आहे, त्यामुळे दिवे-हीटर काही नको, उलट सावली हवी. दुपारच्या उन्हात कोवळं जनावर तासाभरात भाजून निघतं. लाकडी खोकं घे, कोरडी माती आणि वाळलं गवत पसर, दडायला एक माठाचं अर्धं खापर पालथं घाल. सकाळचं कोवळं ऊन तासभर, पण जाळीखाली, कारण कावळे आणि मुंगूस टपलेलेच असतात. रोज सकाळी परातीत कोमट पाणी घे, त्याच्या हनुवटीच्या खूप खाली राहील इतकंच, आणि पंधरा मिनिटं त्यात उभं कर. बघ, ते मान खाली घालून कसं पितं, नरडं हलताना दिसतं. बहुतेक तिथेच शीही करेल, ते चांगलं लक्षण. खायला हरळी, केना, घोळ, जास्वंदीची पानं-फुलं, नागफणीचे काटे काढलेले तुकडे. समुद्रफेन जडीबुटीच्या दुकानात मिळतो, त्याचा तुकडा ठेव, चुन्याची गरज भागते. पोळी, वरणभात, दूध, पाव काही नाही. पालक रोज नाही. सासूबाई प्रेमाने शिऱ्याचा घास ठेवतील, तोही नाही. आणि हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, विशेषतः पोरांनी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, ते पोट बिघडवतात.

सासूबाईंचं काय, हा खरा अवघड भाग. त्यांच्याशी कायद्याने बोलू नकोस, जनावराच्या जिवाने बोल. "आई, देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून आत जातो. जिवंत कासव आपल्या दारात थंडीने मेलं तर ते कसलं शुभ?" एवढं म्हण. त्या मायाळू आहेत, समजतील. वास्तूसाठी पितळेचं आण, त्याला ऊन लागत नाही. तुझ्या लेकाला, पिल्लूला मात्र खोटं सांगू नकोस. "कासव पळून गेलं" म्हटलंस तर तो अंगणभर शोधत राहील. त्याला बरोबर घेऊन जा, वनविभागाच्या लोकांच्या हातात त्यालाच देऊ दे. रडेल, रडू दे. आपण कोणाला तरी त्याच्या घराकडे पोहोचवलं, हे त्याला मोठेपणी आठवेल.

आणखी एक. तुझ्या नव्या शाळेत, शेजारीपाजारी कोणाकडे परदेशी कासव असेल. आफ्रिकेचं सल्काटा असेल, तर ते वाढून चाळीस-पन्नास किलोंचं होतं, खड्डे खणतं, माणसाइतकं जगतं. साइट्सच्या यादीतल्या अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. त्यांनाही सांग, चिखलदऱ्याच्या पावसात ते बाहेर ठेवायचं नाही, आणि गरम खोली बांधायची ऐपत नसेल तर पाळायचंच नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं अमेरिकन कासव असेल, तर ते तलावात, ओढ्यात सोडायचं नाही. ते इथल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं.

आणि तुमचं कासव देऊन आल्यावर दुसरं आणू नका. "दुकानात बिचारं डबक्यात होतं, दया आली म्हणून घेतलं," असं म्हणून घेतलेल्या प्रत्येक कासवाच्या जागी दुकानदार नवं मागवतो. दया आली तर १९२६ ला फोन कर.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणजे सामान बांधायला तुझ्याकडे अजून वेळ आहे. ट्रकमध्ये कूलर चढवायच्या आधी हे काम उरक. या सोमवारी फोन कर आणि कासव दिलंस की मला कळव.